काठ

पहाटे साडेपाचला, प्रसूतिगृहाच्या मागच्या दारात
सुईण माल्ले माझ्या हातात डबा देते.
झाकणावर नाव नाही. आकडा आणि वेळ.
आत खारट पाण्यात वीतभर नाळ,
पिळून ठेवलेल्या टॉवेलसारखी.
मी काही विचारत नाही, तरी ती सांगते:
"मुलगी. फार रडते."

तार्तू अजून झोपलंय. उणे अठरा.
पुलावरून जाताना डबा कोटाच्या आत धरते,
गोठला तर सगळं वाया.
खाली एमायेगी, आमची आई-नदी.
ती गोठते काठापासून.
आधी लव्हाळ्याशी काचेची किनार,
मग मध्याकडे सरकत सरकत
एक दिवस आवाज बंद.

शिरेत उलटं आहे.
तिथं काठच गोठू देत नाही.

नाळेला तीन भोकं. दोन अरुंद, आवळलेली,
एक रुंद, सैल; ती शीर.
तिच्यात नळी घालते, जुनं रक्त धुऊन काढते,
एन्झाइम भरून दोन्ही तोंडं चिमट्यानं दाबते,
दहा मिनिटं ऊब देते, हलकेच चोळते.
काठ सुटून येतो. गढूळ थेंब, बस.
चार दिवसांत बाटलीच्या तळाशी फरसबंदी,
कुशीला कूस, मध्ये फट नाही,
थर एकाच पेशीचा.

दिवसभर यांचं काम 'नको' म्हणायचं.
रक्त घासून जातं, जाता जाता विचारतं: गोठू?
नको.
वळणावर?
नको, पुढे हो.
एखादी प्लेटलेट रेंगाळलीच
तर तिच्यावर फुंकर घालतात, ती निसटते.
आणि थ्रॉम्बिन, तो गोठवणारा,
तो दारात आला तर हाकलत नाहीत.
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.
तोच मग दार राखत बसतो.
सव्वीस वर्षं बघतेय, अजून हसू येतं.

पण यांच्याच पोटात
गुंडाळून ठेवलेल्या दोरांची भेंडोळी असतात.
गेल्या मंगळवारी पातं बोटात गेलं.
काठ फाटला, आणि ह्याच, जन्मभर 'नको' म्हणणाऱ्या,
एका दमात सगळी भेंडोळी बाहेर फेकतात.
धारेत दोर उलगडतात, लांब, चिकट,
वाहत्या प्लेटलेट झेलून धरतात.
मला ते दिसलं नाही अर्थात.
चार मिनिटांनी कापसावर एक ठिपका दिसला.

उर्मासचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता.
बर्फावर मासे धरायला गेला, घसरला, नडगी मोडली.
खुर्ची, रेडिओ, कोबीचं सूप.
पाय हलेना, धार मंदावली,
आणि पोटरीत, कुठल्याशा वळणावर,
कुणीतरी 'हो' म्हणालं.
जखम नव्हती.
शनिवारी दुपारी धाप लागली.
रविवारी मी त्याचे बूट दारातून आत घेतले.

नंतर डॉक्टर काल्युला विचारलं, एकाच पेशीपासून सुरू होतं का?
तो म्हणाला, "हेल्वे, असं एकीला धरता येत नाही."
धरायचं कुठं होतं मला.
बघायचं होतं.

पंप लावून बाटलीत धार सोडली
की आडव्यातिडव्या पेशी रात्रभरात
धारेच्या दिशेनं लांबट होतात.
पाणी उभं राहिलं तर कशाही पडून राहतात.
यांनाही वाहतं लागतं.

आज सुट्टी. मजल्यावर कुणी नाही.
पण एक दिवसाआड यांना खायला घालावंच लागतं.
पिवळट पडलेलं पाणी ओढून घेते,
नवं, गुलाबी, कोमट,
कडेकडेनं सोडते, थेट अंगावर नाही.
त्या रडक्या मुलीची बेंबी एव्हाना सुकली असेल.
बाटली जरा कलती करते, पुन्हा सपाट ठेवते.

खिडकीतून नदी दिसते.
दोन्हीकडून पांढरी.
मध्ये एक काळी पट्टी, हातभर,
अजून चाललेली.