नववी ब, तिसरा तास

कादंबरीच्या चाळीस प्रती टेबलावर,
गठ्ठ्याची दोरीही सोडली नव्हती अजून.
फळ्यावर लिहिलं: आजची सकाळ. दहा ओळी.
अट एकच, कळता कामा नये
लिहिणारा मुलगा आहे की मुलगी.

"बाई, 'लिहिणारा' म्हणजे मुलगाच झाला की."
पुसलं मी. हात पांढरा झाला.

मागून यशोधन पगार:
"'उठलो' लिहायचं नाही,
तर अंथरुणातच राहायचं का?"
वर्ग हसला, मग पेनं अडली.
आलो, गेले, प्यायलो, विसरले,
बाकांवर खोडरबराची भुकटी.
सातपूरच्या आमच्या शाळेत
परीक्षेलाही इतकी शांतता नसते.

हळूहळू फटी सापडल्या.
मला जाग आली.
माझी आंघोळ राहिली.
पप्पांची रात्रपाळी सुटली, चहा सोबत झाला.
त्र्यंबक रोडला बस चुकली, त्यात माझी चूक नाही.

रुकसाना म्हणाली, "जीभ दुखते बाई असं बोलून."
"आणि रोज बोलायचं असलं तर?
घरी, दुकानात, मैदानावर?"
पंख्याचा आवाज येत राहिला.

गांगुर्डेची वही सातव्या मिनिटाला आली.
एक खाडाखोड नाही.
गंगापूरच्या मळ्यात छाटणी सुरू आहे.
माझ्या हाताला मोरचुदाचा वास येतो.
मला द्राक्षं आवडत नाहीत, हे घरी माहीत नाही.

इतका सराव एका तासात होत नाही.
पाचवीपासूनचं एकेक वाक्य आठवलं:
माझं झालं. मला येतं. वही घरी राहिली.
हजर.
आणि प्रगतिपुस्तकात दरवर्षी
माझ्याच वळणदार अक्षरातला शेरा:
अबोल.

दोरी सोडली. म्हटलं,
यातलं पोर तुमच्याच वयाचं आहे.
दाखल्यावर एक लिहिलंय,
त्याला आतून वेगळंच ठाऊक आहे.
काय ते, त्याचं त्याला सांगू द्या.
अठराव्या पानापर्यंत थांबा.
पुढची पानं चाळू नका.

घंटेनंतर दाराशी गांगुर्डे.
"पुस्तक घरी नेलं तर चालेल?"
"चालेल."
"मी सोमवारी परत आणून दे..."
तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला,
शेवटचं अक्षर त्यात गेलं.

"काय?" अगदी ओठांवर होतं माझ्या.
म्हटलं, "सावकाश वाच."