पान उलटणारी

ऑफिसची चूक होती.
त्या संध्याकाळी तुर्कूच्या सभागृहात
पान उलटायला कुणीच नको होतं,
तरी मला फोन आला, आणि मी गेले:
काळा पोशाख, रबरी तळव्यांचे बूट,
मुळापर्यंत कापलेली नखं.
मार्च होता. आउरा नदी अजून गोठलेली.

तो ऑर्हुसहून आलेला, विगो त्याचं नाव,
पडशानं बेजार. नाक पुसत म्हणाला,
"पानं नाहीत माझ्याकडे. एकही नाही."
मी कोट उचलला.
"आता आलाच आहात तर बसा,"
गाडीला उशीर आहे, बसा,
असं स्टेशनवर एखाद्या बाईला म्हणावं तसं.

मग बसले. त्याच्या डाव्या अंगाला,
मांडीवर हात, समोर रिकामा स्टँड.
नऊ वर्षं मी लिहिलेलंच वाचत आले होते,
वाजणाऱ्या हातांच्या दोन ओळी पुढे.
आणि आता शेजारी असा माणूस
ज्याला पुढची ओळ ठाऊकच नाही.
डावा हात एकच दाणा दळत बसायचा,
उजवा दारापर्यंत जाऊन परत यायचा
हातमोजा विसरल्यासारखा.

रेडिओवाल्यांनी वर दोन माइक टांगले होते.
त्याची रेकॉर्ड झाली. ती एरोनं आणली,
लग्नानंतर, जुन्या बाजारातून, चार मार्कांना.
कव्हरवर माझं नाव नाही.
असायचं कारणही नाही.

पण अकरावं मिनिट ऐका.
सूर असे काही उतरायला लागले
की ओळ संपत आली असं मला वाटलं
आणि सवयीनं मी अर्धी उठले.
खुर्ची कुरकुरली.
दोन सूर. खालचा, मग वरचा, जरासा उतरलेला.
माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

त्यानं वळून पाहिलं नाही.
डाव्या हातानं फक्त ते दोन सूर उचलले,
जमिनीवर पडलेलं बटण उचलावं तसे,
आणि पुढची सतरा मिनिटं
ते बटण तो शिवत राहिला,
कधी कोटाला, कधी पडद्याला,
कधी नुसत्याच हवेला.

पुढे जाणकारांनी लिहिलं,
या दोन सुरांत उत्तरेचा हिवाळा आहे.
कुणाला त्यात आईची हाक ऐकू आली.
बर्चची खुर्ची होती. एक स्क्रू ढिला होता.

एरोला मी हे कधी सांगितलं नाही.
तो डोळे मिटून नेमकं तेवढंच ऐकायचा,
बोट वर करायचा: "हे, इथे."
मी म्हणायचे, "हं."
त्याला जाऊन सहा हिवाळे झाले.

आता माझे कान चाललेत, वरचे सूर आधी.
उजव्या हाताचं शेवटचं सप्तक
ऐकूच येत नाही; लाकूड लाकडाला टेकतं, बस्स.
विगोची शिंक मात्र येते,
विसाव्या मिनिटाला.
शिंक खर्जातली आहे.

रेकॉर्ड म्हणते, हे सगळं ठरलेलंच होतं:
दर वेळी तीच चूक, त्याच जागी.
मला पटत नाही. मी तिथे होते.
सुई अकराव्या मिनिटाकडे सरकू लागली
की अजूनही पोटात गोळा येतो:
या खेपेला मी उठलेच नाही तर?
कुठून येतील मग ती सतरा मिनिटं?

म्हणून उठते. अर्धीच.
स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून,
ओट्याला एक हात धरून.

ही आवाज करत नाही.
ओन्नीनं, नातवानं, परवाच
तिचे चारी पाय आवळून दिलेत.
पडशील म्हणाला.