कुणी कुणाला मागितलं

वाल्ट्राउट नीट्श्के, वय एक्याऐंशी,
ग्योर्लिट्स, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
तक्रार एवढीच : इंटरनेट हळू.
गेलो तर इंटरनेट ठणठणीत.
तिला काहीतरी विचारायचं होतं
आणि माणूस घरी बोलवायची
हीच एक रीत तिला सापडली होती.

कॉफी आली. कपाला कान नव्हता.
"भिंतींना होते," ती म्हणाली, "एके काळी."

मग : "मी डॉक्टरचं नाव टाइप करते
तेव्हा ते आधी कुणाकडे जातं?"

म्हटलं, मशीनला नाव कळत नाही, नंबर लागतो.
म्हणून ते आधी एकाला विचारतं,
या नावाचा नंबर काय? तो सांगतो.
त्याला डीएनएस म्हणतात.

"म्हणजे ऑपरेटर."

हो. ऑपरेटर.

"मी होते. एकोणीस वर्षं, पोस्टामागच्या एक्सचेंजमध्ये.
तुमची लिहून ठेवते का?"

मी कॉफी ढवळत राहिलो.
साखर घातलीच नव्हती.

"आम्ही ठेवायचो. राखाडी वही.
वेळ, कुणी, कुणाला.
बोलणं ऐकायला दुसरे होते, वरच्या मजल्यावर.
आमच्याकडे नुसती नावं.
पण मंगळवारी एकाने ड्रेस्डेनचं इस्पितळ मागितलं,
बुधवारी पुन्हा तेच,
गुरुवारी वकील,
आणि शुक्रवारी, रात्री, शवपेट्या करणारा.
ऐकायचं राहिलं काय?"

मी राउटरचं पान उघडलं.
आत्ता बसलाय तो कंपनीचा, न मागता घरात आलेला.
दुसरा समुद्रापलीकडचा, वाऱ्यासारखा, फुकट.
फुकट म्हटल्यावर ती नुसती हसली.
तिसरा एका लहानशा संस्थेचा,
देणग्यांवर चालतो, जरा संथ.
म्हणतात, आम्ही काहीच ठेवत नाही.
वाटेत कुणी वाचू नये म्हणून
प्रश्नसुद्धा पाकिटात बंद करून नेतात.

"पाकिटं वाफेवर उघडायची."
हे नाही उघडत.
"पोचल्यावर तर उघडणारच?"
उघडणार.
"आणि काही ठेवत नाहीत, हे कशावरून?"
ते म्हणतात म्हणून.
"आम्हीही म्हणायचो."

बाहेर चर्चचे टोले पडले, चार की पाच.
मी म्हटलं, कुणालाच न विचारता
नंबर मिळत नाही, फ्राउ नीट्श्के.
कुणाला विचारायचं
एवढंच आपल्या हातात.

तिने चश्मा पुसला. तिसऱ्याचं पान
शेवटपर्यंत वाचलं, अगदी तळाच्या बारीक अक्षरापर्यंत.
तिथे गल्लीचं नाव होतं, घराचा क्रमांक होता.
"हा घे. याचं दार ठोठावता येईल."

आकडे तिनेच वाचून दिले, मोठ्याने,
दोनला 'त्स्वो' म्हणत,
'त्स्वाय' आणि 'द्राय'ची गल्लत नको म्हणून.
वायरी गेल्या, देश गेला,
जीभ अजून ड्यूटीवर.

"आता एक नाव टाकते. तू तिकडे बघ."

मी खिडकीकडे वळलो. खाली नाइसे नदी,
पलीकडे पोलंड; तिथे एक माणूस
गाडीच्या टपावरून गादी उतरवत होता, एकटाच,
आणि ती सारखी त्याच्या अंगावर येत होती.
पाठीमागे दोन बोटं. थांबत थांबत.
पान उघडायला पापणीभर जास्त वेळ लागला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग तिचा आवाज, कोरडा, कामावरचा :
"जोडलं."

जिना उतरताना, दुसऱ्या मजल्यावर, लक्षात आलं :
अकरा कळा वाजल्या होत्या.
मग एन्टर.

मोजायच्या नव्हत्या मला.