संदर्भकाळ : गेले सात दिवस

प्रभात रोडच्या कितव्याशा गल्लीत
आमची संस्था. तिसरा मजला, लिफ्ट बंद.
स्क्रीनवर दोन देश शेजारी शेजारी,
एका बाकावर बसवल्यासारखे,
मध्ये एक उभी रेघ.

डावीकडे आपला, उजवीकडे नेपाळ.
ओळी त्याच : वय पाच ते चौदा,
शाळेत जातो, कामाला जातो,
दोन्ही, दोन्ही नाही.
शेवटच्या ओळीवर परचुरे सरांचा फार जीव.
म्हणतात, "मुलं जातात कुठं, ते इथं कळतं, भिलारे."
मी मान हलवते. दशांशचिन्हं एकाखाली एक आणते.

प्रश्न दोन्हीकडे एकच :
गेल्या सात दिवसांत तू
एक तास तरी काही काम केलंस का?

एक तास तरी.
दत्तवाडीत पत्र्याखाली आई आणि मी
पाकिटं चिकटवायचो, खळ शिजवून.
शेकड्याला किती मिळायचे ते गेलं डोक्यातून,
पण गृहपाठाच्या वहीची पानं एकमेकांना धरून बसायची,
बाईंनी एकदा पट्टी सारून सोडवली होती,
तेवढं आठवतं.
म्हणजे मी 'दोन्ही'मधली.
तेव्हा कुणी विचारलं असतं, तर म्हटलं असतं,
काम कसलं, आईला मदत.
त्यालाही कोड आहे प्रश्नावलीत.

धायरीला, आमच्या इमारतीच्या तळघरात
पहाटे नवराज गाड्या पुसतो.
बाप रात्रीचा वॉचमन,
सहाला बादली पोराच्या हाती देऊन आडवा होतो.
वय बारा. आई म्हणते, तेरा.
जिल्हा अछाम. शाळा खाली नदीपाशी, घर वर,
सुटल्यावर दीड तास चढायचं.
"इथं चढ नाही," तो मला सांगतो,
जणू पुण्याचा तेवढाच एक गुण.

मी काही फॉर्म भरायला गेले नव्हते.
त्यानं माझ्या स्कूटरवर फडकं मारलं, फुकट,
म्हणून सहज विचारलं, कितवीत होतास?
"पाँच." आणि मग, मी न विचारता,
बाह्र दुई चौबीस, बाह्र तीन छत्तीस,
थेट एक सय चवालीसपर्यंत,
फडकं पिळत पिळत.
तेराचा येत नाही.
तेराचा पुढच्या इयत्तेत होता.

आता ह्याला कुठं बसवू?
उजवीकडे पटावर त्याचं नाव असेल अजून,
मास्तरांनी वर्ष संपेस्तोवर ठेवलं असेल.
डावीकडे घरोघर फिरलेली आमची माणसं
तळघरात उतरली नाहीत.
तिथं घर नाही, मीटरच्या पेटीशेजारी एक दार आहे.
एका देशातली शाळा बुडते,
दुसऱ्यातलं काम होतं,
आणि दोन्ही तक्ते किंचित बरे दिसतात.

सरांना सांगितलं.
चष्मा काढून ते बराच वेळ रेघेकडे बघत बसले.
"तळटीप टाकू," म्हणाले.
मग, "एकासाठी कशी टाकणार तळटीप."
तेवढ्यात लिफ्ट दुरुस्त करणारा आला
आणि सगळे उठून तिकडे गेले.
मी मधली रेघ जाड केली.
एक पॉइंट, दोन, अडीच.
अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आज रॅम्पवर उभी राहून म्हटलं,
तेरा एके तेरा,
तेरा दुणे सव्वीस,
तेरा त्रिक एकोणचाळीस.
तो थबकला. "एकोण म्हणजे?"
एक कमी, मी म्हटलं. चाळीसला एक कमी.
"उनन्चालीस," तो स्वतःशीच.
मग बादली ह्या हातातून त्या हातात घेत
चारशे दोनच्या गाडीकडे गेला,
मागच्या काचेवर ओल्या बोटानं काहीतरी लिहिलं,
वाचलं,
आणि पुसलं. पुसायचेच पैसे आहेत.