कोण कुणाला शोधतंय

सिंहस्थाला चौदा महिने आहेत अजून.
तपोवनाच्या मोकळ्या मैदानाकडे पाठ करून
मी चव्हाणके बाईंच्या ओट्यावर बसलेय.
मांडीवर ड्रॉइंगचा कागद, पेन्सिल, खोडरबर.
लॅपटॉप आणलाय, पण उघडायचा नाही.
आधी कागदावर चौकोन, मग बाकीचं.
भिंत उभी राहिल्यावर दार आठवलं
की छिन्नी घ्यावी लागते,
आणि ती जागा कितीही गिलावा केला तरी दिसते.

बाईंनी मागचे दोन सिंहस्थ
हरवले-सापडले कक्षात माईक सांभाळला.
अजूनही "साखर किती घालू?" असं विचारतात
ते अख्ख्या रामकुंडाला ऐकू जाईल असं.

मी दोन चौकोन काढले.
एक: हरवलेले. दुसरा: सापडलेले.
नाव, आडनाव, वय, गाव, फोन.
डावीकडे क्रमांकाचा रकाना,
कारण नावाच्या भरवशावर राहायचं नसतं,
एकट्या येवल्यात किती दगडू निघतील.

"आडनाव सक्तीचं केलंस?"
"हो."
"मग ती पोर बाहेरच राहिली बघ.
चार वर्षांची. नाव सांगायची, चिऊ.
आईचं नाव? आई.
बाबांचं?
अहो."

खोडलं.
रकाना रिकामा चालेल, अशी खूण केली.
पण रिकामा म्हणजे कसला?
कुणी विचारलंच नाही तो,
की विचारलं आणि त्याला सांगता आलं नाही तो?
मागच्या रजिस्टरात एकापुढे लिहिलं होतं, मुका.
मुका नव्हता, बाई म्हणाल्या,
तेलुगू होता.

वयापाशी पुन्हा अडलं.
एक आजी म्हणालेल्या,
पानशेत फुटलं त्या साली माझं लग्न झालं.
आकड्यांच्या रकान्यात
मी पानशेत कुठं बसवू?

चहा आला. कागदावर बशीचा गोल उमटला,
नेमका दोन्ही चौकोनांना धरून.
तेव्हा बाईंनी बुलढाण्याच्या आजोबांचं सांगितलं.
पंचवटीच्या कक्षात येऊन बसले, काठी आपटत:
"मी कुठं हरवलोय? मी हा इथं आहे.
आमची सुभद्रा हरवलीये. तिचं लिहा."
पलीकडे, सराफ बाजाराच्या अंगाला,
दुसऱ्या कक्षात सुभद्राबाई सांगत होत्या,
"मी काही चुकले नाही हो. हे चुकलेत."
दोन रजिस्टरं. दोन्हीकडे हरवलेल्यांत एकेक नाव,
सापडलेल्यांत कुणीच नाही.
दीड दिवस.
मध्ये गोदावरी,
आणि तिच्यावर चांगला चालता पूल.

मी खोडरबर घेतलं.
खोडताना कागद जरा फाटला, फाटू दे.
आता एकच चौकोन: माणूस.
शेजारी एक अरुंद तक्ता:
कोण, कुणाला शोधतंय, कधीपासून.
बस. रेघा दोन्हीकडून येतील,
कुठं भेटतात ते यंत्र बघेल.
मला बरं वाटलं. जुळलं की वाटतं तसं.

बाई बशीत उरलेला चहा ओततात.
"आणि ज्याला कुणीच शोधत नाही?"

"माणसात नोंद राहील," मी म्हणाले.
"रेघ नसेल. रचनेला चालतं ते."

"रचनेला चालत असेल," त्या म्हणाल्या.
"दर वेळी असतात पाच-सात.
हात धरून आणलेले असतात, आणि मग सोडलेला असतो.
आपल्याला कळतं. त्यांनाही कळलेलं असतं.
पिशवीत औषधाच्या गोळ्या मोजून दिलेल्या, दोन दिवसांच्या.
तरी मी नाव घ्यायचे.
दर अर्ध्या तासानं, माईक बंद होईपर्यंत.
ऐकू यायचं त्यांना, बाकावर बसलेल्यांना.
आपलं नाव."

वरून एक विमान ओझरकडे उतरत गेलं.

मी माणसाच्या चौकोनात
अगदी खाली, जागा नव्हती तिथं,
एक रकाना वाढवला.
किती वेळा पुकारलं.
आकडा. शून्यापासून सुरू.
रिकामा ठेवता येणार नाही.