मागची

वेकफील्डला, टायरवाल्याच्या गोडाउनमागे
युनिट अकरा.
पाटी नाही, भिंतीवर फक्त एक गुलाबी बाण.
आत निळी, उसळती जमीन, नऊ पट्ट्या वेल्क्रोने जोडलेल्या,
आणि हेअरस्प्रेचा, मोज्यांचा, गार चिप्सचा वास.

जूनमध्ये निवड. उंची मोजली, खांदे पाहिले.
शाल्मलीला म्हणाले, तू मागे.
घरी येऊन ती भात कालवत राहिली,
खाल्ला नाही.
मी विचारलं, मागे म्हणजे काय करायचं?
"वर बघायचं.
आणि पडली तर मान धरायची."
कुणाची?
"कीलीची. माझी कशाला कोण धरेल,
मी जमिनीवरच असते."

उन्हाळाभर नुसतं उचलणं.
गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत,
मग हात ताठ.
सप्टेंबरात लीड्सहून एक बाई आली,
दोन दिवसांत अडीच मिनिटं बसवून, पैसे घेऊन गेली.
तेव्हापासून आमच्या घरात कुणी नुसतं चालत नाही.
फाइव्ह सिक्स सेव्हन एट, ती जिन्यावरून,
पाच सहा सात आठ, मी पोळ्या लाटताना.
एकदा दुकानात औषधाच्या गोळ्या मोजताना
आठावर थांबले आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.
गिऱ्हाईक म्हातारा होता, काही बोलला नाही.

नोव्हेंबरात चारलाच अंधार.
पार्किंगमध्ये हीटर लावून बसायचं,
काचेवर वाफ, आतून संगीताचा फक्त धबधब.
पोशाखाचं बिल आलं: तीनशे दहा पौंड,
एवढ्याशा कापडाला!
नवरा म्हणाला, टिकल्या मोजून घे.

जानेवारीत कीली उलटी आली, टाच आधी.
शाल्मलीचं नाक.
इमर्जन्सीत चार तास. कीलीची आई शेजारी,
नखं खात, मशीनमधली कॉफी माझ्या हातात कोंबत.
"तुमच्या पोरीनं सोडलं नाही तिला," म्हणाली.
मी भांडायला आले होते.
ते राहूनच गेलं.

मार्चमध्ये टेलफर्ड.
पहाटे पाचला वेणी, चकाकी, डोक्याहून मोठा फुगीर बो.
सुजलेल्या नाकावरही चकाकी.
दिवे लागले, सगळा हॉल वर बघत होता,
मी खाली बघत होते.
म्हणून मला आधी दिसलं:
मनगट थरथरलं.
वर कीलीचं हसू अजून जसंच्या तसं,
खाली माझ्या पोरीनं घोटा घट्ट धरलेला, जबडा आवळलेला.
पडली नाही. पण वेळेच्या दोन ठोके आधी उतरली,
आणि परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

पाचवा नंबर.
मुली रडल्या, काजळ हनुवटीपर्यंत.
शाल्मली कीलीच्या मागे उभी राहून
तिच्या केसांतल्या पिना काढत होती,
एकेक काढून स्वतःच्या ओठांत धरत.
बोलायला तोंड मोकळंच नव्हतं.

व्हिडिओ सांगलीला पाठवला.
रात्री भावाचा फोन: "यातली आपली कुठली गं?"
कीलीच्या पायांमागे बघ. ते दोन हात.
"चेहराच दिसत नाही."
नाही दिसत.
"मग कळायचं कसं?"
मी म्हटलं, वरची पोर वर आहे ना अजून?
तो म्हणाला, नेटवर्क नीट नाही, पुन्हा बोल.
मी पुन्हा बोलले नाही.

मेमध्ये कीली गेली, बाप कामासाठी ॲबरडीनला.
जूनमध्ये पुन्हा फूटपट्टी, पुन्हा खांदे.
कोचने विचारलं, पुढे यायचंय का या वर्षी?
शाल्मलीनं काय सांगितलं, मला ठाऊक नाही.
गाडीत बसली, बूट काढले, पाय डॅशबोर्डवर.
नवी मुलगी आलीय म्हणाली, टॅम्सिन, नऊ वर्षांची.
सिग्नल हिरवा झाला.
"मान फार बारीक आहे तिची, आई.
हाताला सवय करावी लागेल."