कोपरापर्यंत हात

म्हशीचं नाव बिजली,
अन् चालते लोडशेडिंगसारखी.
तिचं शेण आधी सगळं गोवऱ्यांना जायचं,
आता अर्धं तळ्याला जातं:
गोणपाटात भरायचं, तोंड सुतळीनं आवळायचं,
पूर्वेच्या खुंटीला बांधून पाण्यात सोडायचं.
चहा उतरावा तसा रंग उतरतो.
आठवड्यात पाणी मुगाच्या वरणासारखं.

चांदोरीतल्या बाया नाक मुरडतात,
"मासे शेण खातात का गं?"
शेण पाणी खातं, मी म्हणते.
मग पाण्यात जे बारीक बारीक उगवतं
ते वरच्यावर कटला टिपतो,
मधलं रोहू,
अन् मृगळ तळाशी,
पंगत उठल्यावर जेवणाऱ्या बाईसारखा.

कौतिकमावशी भोयांची. तिनं शिकवलं,
रोज उन्हं वर आली की हात घाल.
कोपर बुडालं तरी तळवा दिसतोय, तर पाणी उपाशी.
कोपराशी दिसेनासा झाला, बेतशीर.
मनगटाशीच हरवला
तर पाटी पालथी घाल अन् घरी जा.
थंडीत तर घालूच नको,
निफाडच्या गारठ्यात तळ्याला भूक नसते.

मी ऐकलं. दोन वर्षं ऐकलं.
मग भाच्यानं पोल्ट्रीची खताची ट्रॉली फुकट आणून ओतली.
फुकटचं होतं,
मी हात घातलाच नाही.

भाद्रपद. आठ दिवस आभाळ, वारा पडलेला.
पहाटे चारला बॅटरी मारली तर
सगळं तळं तोंडं.
उघडत होती, मिटत होती,
आवाज एकाचाही नाही.
हे इंजिनाशी झटत राहिले, ते सुरू होईना,
मी छातीभर पाण्यात उतरून
बादलीनं पाणी उचलून पाण्यावरच आपटत होते
उजाडेपर्यंत.
एकशे बारा गेले. मोजले मीच.

मावशी आली. बोलली नाही काही.
पदर खोचून वाकली, हात घातला,
मनगटाशी थांबली,
अन् तसाच ओला हात माझ्या पाठीवर ठेवला.

आता भद्रकालीत गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतं, हुंगतं,
"धरणाचा का तळ्याचा?"
तळ्याचा, मी म्हणते. बिजलीचं नाव सांगत नाही.

परवा कासार आला होता.
डाव्या हातात डझनभर भरल्या,
उजवा मागायला लागला.
म्हटलं, तो राहू द्या,
त्याला सकाळी काम असतं.